तुमचे प्रश्न : सड्यावरच्या जिवांच्या अंगात मुरलेला जुना पाऊस

गेल्या अंकात कासच्या सड्याबद्दल, म्हणजे साताऱ्याजवळच्या त्या कातळाच्या पठाराबद्दल, लिहिताना मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं की या फुलांच्या जनुकांमध्ये हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाची नोंद आहे. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले की हा महिना अख्खा त्यालाच द्यायचं ठरवलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं न छापता फक्त गावं छापतोय. मी सातारला बरीच वर्षं कॉलेजात बॉटनी शिकवली त्यामुळं झाडांबद्दल जरा जास्त बोलीन, पण बेडूक-सरडे पण येतील, कारण तुम्हीच विचारलंय.

प्रश्न (सातारा) : मॅडम, माहेरच्या सगळ्यांना घेऊन कासला गेलो होतो. गाईडनं पाण्यातला वायतुरा दाखवला आणि म्हणाला हा जगात दुसरीकडं कुठंच नाही, फक्त आपल्याकडच्या सड्यांवर. मला ते पटलं नाही. बी पाण्यानं वाहतं, पाखरं नेतात, मग इतक्या वर्षांत हा खाली कृष्णेच्या काठाला तरी का उतरला नाही?

गाईड बरोबर बोलला ताई, आणि तुमची शंका पण अगदी रास्त आहे. वायतुऱ्याचं शास्त्रीय नावच अपोनोजेटॉन सातारेन्सिस, म्हणजे सातारचा. १९८२ साली शास्त्रज्ञांनी त्याचं रीतसर वर्णन केलं, त्याआधी आपल्या गुराख्यांना तो माहीत असणारच पण पुस्तकात नव्हता. इंग्रजी वाय अक्षरासारखा दोन फाट्यांचा तुरा, म्हणून वायतुरा.

आता तो खाली का उतरत नाही ते सड्यावर उभं राहून बघितलं की कळतं. कासचं पठार साधारण १२०० मीटर उंचीवर, खाली जांभा, वर मातीचा नुसता पातळ थर, कुठं कुठं तर वीतभरही नाही. पावसाळ्यात चार महिने सगळं पाण्यात, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच कातळावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. वायतुरा जमिनीखाली कंद राखून तो उन्हाळा काढतो आणि पाऊस पडला की परत उगवतो. अशा जागेला जो जीव सरावलाय त्याला खालच्या काळ्या जमिनीत दाट गवताशी आणि झुडपांशी झगडून जगणं जमत नाही, बी खाली पोचलं तरी रुजून टिकत नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगायचे की सडा हे बेट समजा, भोवती पाणी नसलं तरी बेटच.

पण एखादी जात एकाच भागापुरती असण्याची, जिला आपण प्रदेशनिष्ठ म्हणतो, दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात. एक म्हणजे ती तिथंच नव्यानं घडली आणि अजून बाहेर पडलीच नाही. दुसरं म्हणजे ती एकेकाळी लांबवर पसरलेली होती, मग हवामान बदललं, बाकी ठिकाणची संपली आणि एवढाच कोपरा उरला, जसं मोठ्या चौसोपी वाड्याच्या पडझडीत एखादी खोली शाबूत राहते आणि नवीन माणसाला वाटतं की घर पहिल्यापासून एवढंच होतं. नुसतं बघून यातलं काय झालं ते सांगता येत नाही. डीएनए बघितला की बराच उलगडा होतो. जवळचे भाऊबंद शेजारच्याच डोंगरावर निघाले तर नवा संसार, आणि सगळ्यात जवळचा नातेवाईक समुद्रापलीकडं निघाला तर जुन्या वाड्याची उरलेली खोली. केरळातला जांभळा बेडूक २००३ साली जगापुढं आला आणि त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक निघाले सेशेल्स बेटांवरचे, म्हणजे भारत आणि सेशेल्स एकाच जमिनीचे तुकडे होते तेव्हाची ती भावकी. आता सांगा, नुसता बेडूक हातात घेऊन हे कुणाला कळलं असतं?

प्रश्न (कराड, बारावी सायन्स) : हिमयुगात आपल्याकडं बर्फ पडायचा का? पडत नसेल तर हिमयुगाचा आणि सह्याद्रीतल्या झाडांचा काय संबंध?

बर्फ नाही. युरोपात, उत्तर अमेरिकेत बर्फाचे थर साचले, आपल्याकडं हिमयुग आलं ते पावसाच्या रूपानं, म्हणजे पाऊस कमी होण्याच्या रूपानं. हे नीट समजून घे कारण बाकीच्या सगळ्या उत्तरांचा पाया हाच आहे.

गेल्या आठ-नऊ लाख वर्षांत साधारण दर लाख वर्षांनी पृथ्वी गार पडायची आणि परत तापायची. शेवटचा सगळ्यात गार काळ वीसेक हजार वर्षांपूर्वीचा. तेव्हा इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होता, कोकणचा किनारा आजच्यापेक्षा बराच पश्चिमेला होता. जमीन आणि समुद्र दोन्ही गार, बाष्प कमी, जमिनीनं तापून समुद्रावरची हवा ओढून घ्यायची ती ताकद कमी, त्यामुळं नैर्ऋत्य मोसमी पाऊस कमजोर पडला.

याचा पुरावा निलगिरीच्या डोंगरात सापडला आणि तो तुला ऊस-ज्वारीवरून चटकन समजेल. ऊस, ज्वारी, मका आणि उष्ण कोरड्या भागातली बरीचशी गवतं हवेतला कार्बन एका पद्धतीनं घेतात, त्यांना सी-फोर म्हणतात, आणि भात, गहू, जवळजवळ सगळी झाडं दुसऱ्या पद्धतीनं, ती सी-थ्री. दोघांच्या अंगातल्या कार्बनची जड-हलकी प्रमाणं वेगळी असतात, आणि झाड कुजून त्याची माती झाली तरी ती प्रमाणं तशीच राहतात. निलगिरीच्या दलदलींमध्ये वनस्पतींचा असा अर्धवट कुजलेला गाळ हजारो वर्षं थरावर थर साचलाय. रमण सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो खणून थराथराचा कार्बन मोजला, १९९३ साली ते छापून आलं. वीसेक हजार वर्षांपूर्वीच्या थरात सी-फोर गवताचं पारडं जड, म्हणजे कोरडा काळ, आणि दहाएक हजार वर्षांपूर्वीच्या थरात सी-थ्रीचं, म्हणजे पाऊस परत जोरात.

तू कराडचा आहेस म्हणून अजून एक सांगते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. एसटीनं तीन-चार तासांत माणूस ओल्या रानातून बाभळी-बोरीच्या माळावर पोचतो. हिमयुगाचा जोर वाढला की माण पश्चिमेला सरकायचा, जोर ओसरला की महाबळेश्वरचं रान पूर्वेला पसरायचं, असं डोळ्यापुढं आण. अगदी शब्दशः असंच झालं असं मी म्हणत नाही पण दिशा हीच. ओल्या रानातले जीव प्रत्येक कोरड्या काळात कुठल्यातरी दऱ्याखोऱ्यात, देवराईसारख्या ओलाव्याच्या जागी दबून राहायचे आणि पाऊस वाढला की तिथूनच परत पसरायचे. दक्षिण सह्याद्रीत पाऊस वर्षातले सात-आठ महिने, आपल्याकडं चारच, त्यामुळं मोठ्या संकटात आसरा जास्त करून दक्षिणेतच मिळाला. जान्हवी जोशी आणि प्रवीण कारंथ यांनी सह्याद्रीतल्या गोमींवर काम केलं, २०१३ सालचं, त्यात तर याहून कितीतरी जुनी गोष्ट दिसते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्ह्यानं आपला काळा कातळ घडवला त्या उलथापालथीत या गोमींचा वंश दक्षिणेत टिकला असावा आणि नंतर तिथून उत्तरेकडं पसरत आला, असा त्यांचा निष्कर्ष. दगडाखालची गोम बघून आपण झटकतो, तिच्यामागं एवढा प्रवास आहे.

प्रश्न (वाई, शिक्षिका) : डीएनए तर आजच्या झाडाचा किंवा प्राण्याचा. त्यातून हजारो वर्षांपूर्वी त्यांची संख्या किती होती ते कसं कळतं? आणि त्यासाठी प्राणी मारावे लागतात का?

दुसरं आधी सांगते. झाडाचं पान सिलिका जेलमध्ये वाळवून ठेवतात. बेडूक-सरड्याच्या बोटाचं किंवा शेपटीचं टोक, पक्ष्याच्या रक्ताचा एक थेंब, मोठ्या प्राण्याची तर नुसती विष्ठा पण पुरते. नवीन जातीचं वर्णन करायचं तर काही नमुने म्युझियममध्ये ठेवावे लागतात हे खरं, पण त्याला वनखात्याची परवानगी लागते आणि संख्या मोजकी असते.

आता पहिला प्रश्न, तो खरा मोठा. १९७२चा दुष्काळ आपल्या भागातल्या वयस्क माणसांना विचारा. त्याआधी गावात घरोघरच्या कणगीत वेगवेगळा शाळू असायचा, कुणाचं कणीस गच्च, कुणाचं मोकळं, कुणाचा दाणा मोतीसारखा तर कुणाचा जरा पिवळट. समजा दुष्काळात सगळ्यांनी बियाणं पण दळून खाल्लं आणि गावात एकाच घरी एक पोतं उरलं. पुढच्या चांगल्या पावसाला सगळ्यांनी त्याच पोत्यातलं बी नेलं. पाच वर्षांत शिवार परत भरलं, लांबून बघणाऱ्याला वाटेल दुष्काळ पडलाच नव्हता, पण कणसं हातात घेऊन बघा, सगळीकडं एकच शाळू. संख्या भरून आली, वैविध्य नाही आलं. अशा चिंचोळ्या वाटेतून गेलेल्या जातीच्या डीएनएत हेच दिसतं, भरपूर जीव आणि सगळे एकमेकांसारखे. चित्त्याचं उदाहरण प्रसिद्ध आहे, १९८०च्या दशकात नात्यात नसलेल्या चित्त्यांमध्ये कातडीचे तुकडे एकमेकांना लावून बघितले तर शरीरानं ते सहज परके म्हणून झिडकारले नाहीत, इतकं साम्य.

मग हे कधी झालं ते कसं कळतं? प्रत्येक पिढीत डीएनएची नक्कल होताना थोड्या चुका होतात, माणसाच्या बाळात आईबापाकडं नसलेले साठ-सत्तर नवे बदल असतात. हा वेग साधारण ठरलेला असतो, त्यामुळं दोन जिवांमध्ये किती फरक साचलाय ते मोजून त्यांचा समाईक पूर्वज किती मागं होता याचा अंदाज बांधता येतो. आणि प्रत्येक जिवाकडं एक प्रत आईची, एक बापाची असते. या दोन प्रती काही तुकड्यांत खूप सारख्या असतात, काही तुकड्यांत खूप वेगळ्या, म्हणजे तुकड्यागणिक समाईक पूर्वज वेगवेगळ्या काळातला. ज्या काळात संख्या घटली होती त्या काळात जास्त तुकड्यांचे पूर्वज गोळा झालेले दिसतात, कारण माणसं थोडी असली की सगळ्यांचं नातं लवकर जुळतं, छोट्या वाडीत जुळतं तसं. हेंग ली आणि रिचर्ड डर्बिन यांनी २०११ साली हे गणित मांडलं आणि तेव्हापासून एकाच जनावराच्या पूर्ण डीएनएवरून त्याच्या जातीची लाखो वर्षांमागची संख्या वरखाली कशी झाली त्याचा आलेख काढता येतो. मला स्वतःला हे अजूनही विलक्षण वाटतं, एक पान किंवा एक थेंब, आणि त्यात सगळ्या खानदानाचे दुष्काळ!

एक सावधगिरी मात्र वर्गात सांगाच. आलेख खाली गेला म्हणजे हवामानामुळंच गेला असं लगेच म्हणायचं नाही. जात तुकड्यांमध्ये विभागली गेली तरी आलेख फसवा निघू शकतो. म्हणून डीएनए एकीकडं आणि निलगिरीसारख्या गाळाचा पुरावा एकीकडं, दोन्ही एकमेकांशी ताडून बघावे लागतात.

प्रश्न (शिराळा) : चांदोली-कोयनेच्या बाजूला पावसाळ्यात कुशीवर पिवळे डाग असलेला छोटा टोड दिसतो. आंबोलीला तसाच बघितला. दोन्ही एकच का?

तुमची नजर चांगली आहे. एकच नाहीत, पण सख्खे म्हणावेत असे भाऊ आहेत. कोयनेच्या टोडचं वर्णन १९६३ साली सोमण यांनी केलं, कोयनेचंच नाव देऊन. तेव्हा तो टोडच्या मोठ्या वंशात (इंग्रजीत जीनस), बुफोमध्ये घातला होता. आंबोलीचा वेगळा म्हणून ओळखला गेला तो थेट २००९ मध्ये, कुशीवरच्या वाघासारख्या पट्ट्यांवरून त्याचं नाव टायगेरिना. आणि त्याच वेळी डीएनए आणि शरीररचना बघून लक्षात आलं की हे दोघं मिळून बाकी सगळ्या टोडपासून वेगळं घराणं आहे, म्हणून झॅन्थोफ्राइन हा नवीन वंश केला, अर्थ साधा, पिवळा टोड. अख्ख्या जगात या वंशात दोनच जाती, एक कोयनेच्या डोंगरात आणि एक आंबोलीला. हवेतून सरळ रेघ मारली तर मध्ये दीडशे किलोमीटरच्या पुढं अंतर आहे, आणि हा जीव बोटाएवढा.

बोटाएवढा जीव उन्हातून, कोरड्या माळावरून दीडशे किलोमीटर जात नाही. त्यामुळं कधीतरी मधल्या भागात त्याला राहण्याजोगा ओलावा होता आणि मग तो तुटला, असाच विचार करावा लागतो. तुटल्यावर दोन्हीकडं आपापल्या चुका साचत गेल्या, आपापले रंग ठरत गेले.

डोंगराच्या माथ्यावर अडकलेल्या जिवांची ही गोष्ट दक्षिणेत पक्ष्यांवर फार बारकाईनं अभ्यासली गेलीय. तिथं उंचावरच्या शोला रानात राहणारा एक छोटा निळसर पक्षी आहे, खाली गरम सपाटीवर उतरत नाही. व्ही. व्ही. रॉबिन, उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगराडोंगरातून त्याचे नमुने घेतले. पालघाटची खिंड, जी तीस-चाळीस किलोमीटर रुंद आहे, तिच्या दोन बाजूंचे पक्षी दिसायला भाऊ वाटले तरी डीएनएत लाखो वर्षांनी वेगळे. त्याहून अरुंद अशा शेनकोट्टाच्या खिंडीत पण फरक सापडला, आणि काही ठिकाणी एकाच डोंगररांगेतल्या संख्येवर हिमयुगाच्या काळातल्या हवामानाची छाया. म्हणजे जुनी भेग जमिनीची, आणि तिच्यावरची नवी चीर हवामानाची. पंख असलेला पक्षी तीस किलोमीटर उडून जात नाही हे ऐकून मला पहिल्यांदा खरंच वाटलं नव्हतं! २०१७ साली या पक्ष्यांसाठी शोलिकोला हा नवीन वंशच करावा लागला, म्हणजे शोलात राहणारा. हत्तींमध्ये पण पालघाटच्या अलीकडचे आणि पलीकडचे असा जनुकीय फरक दिसतो.

तुमच्या भागात अजून एक सांगण्यासारखं आहे. हेळवाकच्या वर हुंबरळीला देवगांडुळाची एक जात सापडली, २००४ साली तिचं वर्णन झालं आणि नाव दिलं महाराष्ट्राएन्सिस. गांडुळासारखं दिसतं पण पाठीचा कणा असलेला प्राणी आहे तो, बेडकाचा भाऊबंद. शेतात नांगरताना निघालं तर साप म्हणून ठेचू नका एवढी हात जोडून विनंती.

प्रश्न (जत) : मॅडम नमस्कार. तुम्ही नेहमी ओल्या रानाचंच लिहिता. आमच्याकडं दुष्काळ काय नवा न्हाय. कोरडं हवामान म्हंजे सगळ्याच जिवाला वाईट असतंय का? आमच्या माळावर बी जनावरं हायतच की.

तुमचा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं दादा, आणि तुमची तक्रार मान्य आहे. माळाला पडीक म्हणायची जी सरकारी आणि शहरी सवय आहे ना, तिच्यामुळं या जिवांचं फार नुकसान झालंय.

उत्तर सरळ आहे, नाही, सगळ्याला वाईट नसतं. ओलं रान आक्रसलं की माळ पसरतो. बेडकाचा दुष्काळ हा सरड्याचा सुकाळ असू शकतो. तुमच्या माळावर उन्हाळ्यात दगडावर उभा राहून गळ्याची पंख्यासारखी पिशवी फुगवणारा नर सरडा तुम्ही बघितला असणार, निळा-काळा-केशरी. त्या पंखेवाल्या सरड्यांची २०१६ साली नव्यानं तपासणी झाली आणि त्यातल्या एका गटाला शास्त्रीय नाव दिलं सरडा, आपला मराठी शब्दच. त्यातली सरडा सुपर्बा ही जात आपल्या चाळकेवाडीच्या पठारावरून वर्णन केलेली. पुढं २०१८ साली व्ही. दीपक आणि प्रवीण कारंथ यांनी या सरड्यांची वंशावळ काढली तर दिसलं की उपखंड जसजसा कोरडा होत गेला, पावसाळा-उन्हाळा असे स्पष्ट भाग पडत गेले, तसतशा यांच्या जाती फुटत गेल्या. त्यांना घडवलं ते कोरडेपणानं. हिमयुगाच्या कितीतरी आधीपासून हे चालू होतं.

म्हणून एकच हवामान बदल दोन तऱ्हेनं लिहिला जातो. कोरड्या काळात ओल्या रानातला जीव दोन-चार दऱ्यांत कोंडला गेला, त्याच्या डीएनएत ती चिंचोळी वाट दिसते. त्याच काळात माळावरचा जीव मोकळा हिंडला, त्याच्यात संख्या वाढल्याची खूण दिसायला पाहिजे. मग पाऊस वाढला की उलटं, रान जोडलं जातं आणि माळ तुटतो. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आल्यावर तिथं शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी झाले, सरडे वाढले आणि त्यांचा ताण कमी झाला, माणूस जवळ गेला तरी ते लवकर पळत नाहीत असं २०१८ सालच्या एका अभ्यासात दिसलं. लाखो वर्षं पावसानं आणि ससाण्यांनी ज्यांना घडवलं त्यांच्यावर आता पवनचक्कीचा पण हात फिरायला लागलाय, हे मला बेचैन करतं.

तुमच्याकडचे फोटो पाठवा, माळावर पुढच्या एखाद्या अंकात सविस्तर लिहायचंच आहे.

प्रश्न (परळी खोरं) : सज्जनगडावर शिंदळ माकुडी आहे असं ऐकतो. आता ती नर्सरीत पण मिळते, लोक कुंड्यांत लावतात. मग ती वाचली असंच म्हणायचं ना?

इथं मला जरा थांबून बोलायचंय कारण हा गैरसमज चांगल्या चांगल्या निसर्गप्रेमींमध्ये पण आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शिंदळ माकुडी ही कातळाच्या कपारीत लोंबणारी मांसल खोडाची वनस्पती, पावसाळ्यात पानं, उन्हाळ्यात पानं झडून नुसती कांडकी, आणि फूल चांदणीसारखं गडद तांबडं, त्यावर पिवळे ठिपके. वनस्पतिशास्त्रज्ञ डॅलझेल यांनी तिला फ्रेरिया नाव दिलं, बार्टल फ्रेर यांच्यावरून, जे एकेकाळी सातारला रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचे प्रतिनिधी होते. ती फक्त महाराष्ट्रात, शिवनेरी, पुरंदर, वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर, रंधा अशा मोजक्या कड्यांवर. आता ही ठिकाणं नकाशावर बघा, एकमेकांपासून किती लांब आणि मध्ये सगळी सपाटी, शेतं, गावं. प्रत्येक कडा म्हणजे एक कणगी. शिवनेरीच्या कणगीत जे आहे तेच सज्जनगडाच्या कणगीत असेल असं धरून चालता येत नाही, कारण एकदा तुटल्यावर छोट्या घोळक्यात कुठला गुण टिकेल आणि कुठला नुसत्या नशिबानं गळून जाईल याचा नेम नसतो. दोन्हीकडं वेगवेगळं गळतं, म्हणून दोन्हीकडं वेगवेगळं उरतं.

आता नर्सरी. शिंदळ माकुडी कांडी लावून सहज येते, आणि कांडीपासून आलेलं रोप म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. एका झाडाच्या हजार कांड्या हजार अंगणांत लावल्या तरी जनुकांच्या हिशोबात ते एकच झाड. उद्या त्याला न झेपणारा रोग आला तर हजारही एकदम जातील. कुंडीत लावू नका असं मी म्हणत नाही, उलट कड्यावरून कुणी ओरबाडून न्यावं त्यापेक्षा नर्सरीतलं कितीतरी चांगलं. पण कुंड्या मोजून कड्यांवरच्या झाडांची चिंता सोडायची नाही. आणि दुसरं, नर्सरीतलं रोप नेऊन गडाच्या कड्यावर लावायचा उपक्रम कुणी काढला तर आधी विचारा की हे रोप मुळात कुठल्या कड्याचं. शिवनेरीचं सज्जनगडावर लावलं तर हजारो वर्षं वेगळं राहिलेलं एका पावसाळ्यात मिसळून जाईल. कधी कधी अगदीच मरायला टेकलेल्या घोळक्याला बाहेरचं रक्त द्यावं लागतं, पण तो निर्णय डीएनए तपासून घ्यायचा असतो, वृक्षारोपणाच्या दिवशी हार-नारळ घेऊन घ्यायचा नसतो. मी एका अशा कार्यक्रमाला गेले होते, उत्साह खूप होता, मनं चांगली होती, पण रोपं कुठली हे कुणालाच सांगता आलं नाही, आणि मी तिथून फार वाईट वाटून परत आले.

प्रश्न (पाटण तालुका, इयत्ता सहावी) : आमच्या सरांनी सांगितलं की पूर्वी गरम झालं की झाडं डोंगरावर वर वर जायची. मग आता उन्हाळा वाढला तर सड्यावरची फुलं पण वर जातील का? आणि वर जागा संपली तर?

बाळा, तू फार छान विचारलंस, आणि सर बरोबर सांगतात. झाड स्वतः चालत नाही पण त्याचं बी थोडं वर पडलं आणि तिथं रुजलं तर ते एक पाऊल. प्रत्येक पिढीला एक पाऊल. आता टोपली कारवी घे, ती साधारण सात वर्षांतून एकदा फुलते, म्हणजे सात पावसाळ्यांना तिचं एक पाऊल. सातशे वर्षांत शंभर पावलं. शेवटचा गार काळ संपताना पृथ्वी पाचेक अंशांनी तापली पण त्याला हजारो वर्षं लागली, एका अंशाला हजारभर वर्षं धर, एवढ्या वेळात कारवीला हळूहळू चालता आलं. आता दीडशे वर्षांतच एक अंशाच्या वर गेलंय.

जागेचं गणित तुला करता येईल. डोंगरावर १००० मीटर चढलं की हवा साधारण ६ अंश गार होते. म्हणजे एक अंश वाढला तर झाडाला तेवढ्याच गारव्यासाठी १६०-१७० मीटर वर जायला लागेल. कास १२०० मीटरवर. आपल्या भागातलं सगळ्यात उंच टोक महाबळेश्वरचं विल्सन पॉइंट, १४३९ मीटर. वजाबाकी कर, मग भाग दे, किती अंशांपुरती जागा उरते ते काढ. साधारण दीड येईल. आणि तिथंही नुसती उंची नाही चालत, जांभ्याचा सडा पाहिजे, पाणी साचणारी डबकी पाहिजेत, आणि तिथं तर आता हॉटेलं आहेत.

पण सगळीच फुलं तापली म्हणून लगेच मरत नाहीत. ज्या जातीत अजून वेगवेगळे गुण शिल्लक आहेत, काही झाडं लवकर फुलणारी, काही उशिरा, काही कमी पाण्यात तग धरणारी, त्यांच्यातली काही टिकतील. म्हणून तर कुठली फुलं कधी येतात हे लिहून ठेवणं फार कामाचं असतं, आणि ते तू करू शकतेस. तुझ्या गावाजवळ जो सडा असेल तिथं आभाळी, सीतेची आसवं, तेरडा, सोनकी, जे ओळखता येईल ते पहिल्यांदा कधी दिसलं त्याची तारीख वहीत लिही, आणि शाळेत पाऊस मोजत असाल तर त्या आठवड्याचा पाऊस शेजारच्या रकान्यात. फूल तोडायचं नाही, फक्त बघायचं. दरवर्षी त्याच जागी जायचं. दहावीला जाशील तोवर चार पावसाळ्यांच्या तारखा होतील, तेव्हा ती वही घेऊन मला भेटायला ये, सरांना पण घेऊन ये.